गोल्पवाल्याची पोरगी

राजूरकडच्या त्या कोळसाखाणीवर माझ्या बाबांना सारे 'गोल्पवाले' म्हणत आणि मला 'गोल्पवाल्याची पोरगी'. मीठ-मिरची आणायला दुकानात गेले की दुकानदार नोकराला सांगायचा, गोल्पवाल्याच्या पोरीले आधी दे, आणि बाकड्यावर बसलेली माणसं तोंड फिरवून हसायची. गोल्फ हा मोठ्या लोकांचा खेळ आहे, त्यासाठी शहरांतून हिरवीगार मैदानं राखतात, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा तो शब्द म्हणजे माझ्या लेखी एक शिवी होती आणि ती आमच्याच दाराला चिकटली होती. वाट वाकडी करून जायची, मान खाली घालायची, नळावर गर्दी असली की रिकामी घागर घेऊन परत यायचं, अशी त्या वर्षांत माझी सवय होऊन गेली होती.

आम्ही धौड्यात राहत होतो. धौडा म्हणजे खाणीतल्या मजुरांसाठी बांधलेल्या खोल्यांची रांग. एका भिंतीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे तेलंगी कुटुंब, आणि मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडे लसणाची फोडणी बसली की आम्हाला इकडे ठसका लागायचा. पहाटे भोंगा व्हायचा. त्याच्या पाठोपाठ दोरखंडानं ओढल्या जाणाऱ्या कोळशाच्या डब्यांचा खडखडाट सुरू व्हायचा आणि तो इतका सारखा चालायचा की कधी थांबला तर आम्ही दचकून बाहेर यायचो, खाली काही झालं की काय म्हणून. माय कोळशाच्या शेगडीवर भाकरी करायची. सोबत अंबाडीची भाजी, नाही तर तुरीचं वरण, आणि काहीच नसलं की कांदा फोडून चून, म्हणजे पिठलं. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं कापड संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायचं. माय ते झटकायची आणि म्हणायची की या गावात उजळ राह्यचं म्हटलं तर रोज लढाई आहे.

खाणीवर आम्ही आलो ते गाव सोडून. बाबा आणि मामा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि आल्याबरोबर घरातले देव नदीत गेले. आमच्या माणसांनी मेलेली गुरं ओढायचं बंद केलं, दारोदारची भाकर मागायचं बंद केलं. मग गावानं आम्हाला शेतातलं काम द्यायचं बंद केलं. मामा मुकुटबनकडे टिकून राहिले, त्यांना थोडी जमीन होती. आम्हाला नव्हती. खाणीत जात कुणी विचारत नव्हतं, निदान भरतीच्या वेळी तरी नाही. बाबांचे खांदे पाहून मुकादमानं त्यांना त्याच दिवशी खाली पाठवलं. मला आठवतं, पहिल्या पगाराच्या दिवशी बाबांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "पोरी, आपन कोनाचं उष्टं खानार नाही आन कोनापुढं वाकनार नाही. हे ध्यानात ठेव." मी तेव्हा लहान होते, पण ते मी चांगलंच ध्यानात ठेवलं. पुढचं सगळं दुखणं त्यातूनच निघालं.

बाबांची ताकद साऱ्या खाणीला ठाऊक होती. एकदा कोळशानं भरलेला डबा रुळावरून घसरला. चार-पाच जण पहारी घेऊन झटत होते. बाबांनी त्यांना बाजूला केलं, डब्याला पाठ लावली आणि पाय रोवून तो रुळावर चढवला. हे मॅनेजर साहेबांनी पाहिलं. साहेब इंग्रज नव्हते, आपल्यासारखेच काळेसावळे, पण बंगालकडच्या खाणींत इंग्रजांच्या हाताखाली वाढलेले. तिथून येताना ते चामड्याच्या लांब पिशवीत गोल्फच्या काठ्या घेऊन आले होते आणि बंगल्यामागच्या माळावर त्यांनी आपलं मैदान केलं होतं. गवत नव्हतंच. चेंडू जिथे भोकात घालायचा तिथे वाळू पसरून तिच्यावर जळकं तेल शिंपडायचे, म्हणजे ती उडत नसे. दर इतवारी डॉक्टर, ठेकेदार, वणीचे एखाद-दोन बडे लोक जमायचे. त्या इतवारी साहेबांनी बाबांना बोलावणं पाठवलं. एवढा डबा उचलतो, तर हा इवलासा चेंडू किती लांब मारील, यावर पाहुण्यांची चर्चा चालली होती म्हणे. कुणी म्हणालं थेट रस्त्यापर्यंत, कुणी म्हणालं नदीपर्यंत.

बाबांनी काठी धरली ती कुऱ्हाड धरतात तशी. सगळं अंग आवळलं, दात आवळले आणि असा काही हाणला की काठी चेंडूच्या वरून गेली, बाबा स्वतःभोवती फिरले आणि उताणे पडले. चेंडू जागचा हलला नाही. दुसऱ्यांदा काठी चेंडूला घासली आणि तो चार हात घरंगळून एका ढेकळाला टेकला. लोक हसून हसून खुर्च्यांवर कलंडले. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी त्या दिवशी पाहिलं नाही, पण ऐकलं इतक्या वेळा, इतक्या तोंडून, नकलेसकट, की आज मी ते पाहिलं नव्हतं असं मलाच खरं वाटत नाही.

एकदा झालं असतं तर मिटलं असतं. पण साहेबांना त्याची चटक लागली. खेळ संपत आला की चपराशी धौड्यात यायचा, आणि बाबा हातपाय धुऊन, सदरा बदलून माळावर जायचे. "क्यों पहलवान, आज उडेगा?" साहेब विचारायचे. बाबा हसायचे, काठी उगारायचे आणि पडायचे. पाहुणे नवे असले की डबा उचलल्याची गोष्ट आधी सांगितली जायची, म्हणजे पडण्याला रंगत येई. बंगल्याचा खानसामा जाताना उरलेले बिस्कुट, केक कागदात बांधून द्यायला यायचा. ते मात्र बाबांनी कधी घेतलं नाही. हात जोडून मागे सरायचे. माय एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, की काही आणतही नाही अन् कोणी पैसाही देत नाही, मंग जाता कायले? बाबांनी पाण्याचा गडू उचलला आणि ते बाहेर जाऊन बसले. मायनं पुन्हा विचारलं नाही. तिला तेव्हाच माहीत होतं की नंतर कळलं, हे मी तिला विचारायचं राहून गेलं.

मी त्या वेळी वणीच्या हायस्कुलात जात होते. खाणीवर सातवीच्या पुढे शाळा नव्हती. वणी दोन कोस, पण खाणीची लारी रोज सकाळी कामासाठी तिकडे जायची आणि बाबू लोकांची मुलं तिच्यात बसून शाळेत जायची. मीही बसायची. धौड्यातली मी एकटीच. त्या लारीत माझं काय काम, हे मी एकदाही मनात आणलं नाही. मला वाटायचं, मी शाळेत जाते म्हणून बसते. मोठ्या बाबूंची कुसुम माझ्याच वर्गात होती. ती वाईट मुलगी नव्हती. डबा उघडला की मला पोळीचा तुकडा द्यायची. पण लारीला हिसका बसला की पोरांपैकी कुणी तरी मुद्दाम उताणं पडायचं आणि ओरडायचं, "उडा क्या?" आणि सगळ्यांबरोबर कुसुमही हसायची. मी बाहेर पाहत राहायची. डोळ्यांत पाणी आलं तर वाऱ्यानं आलं असं दाखवता येईल म्हणून मी नेहमी फळीकडेच बसायची.

मामा महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. संध्याकाळी धौड्यातल्या आमच्या पोरांना गोळा करून वंदना शिकवायचे. त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते जेवायला बसले होते. त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "दाजी, आपन देव सोडले ते कोनापुढं वाकाले लागू नये म्हणून. आन तुमी दर इतवारी लोकाईपुढं उताने पडता." बाबा भाकरी मोडत होते, ते मोडत राहिले. मी दाराशी बसले होते. मामा बोलले त्यातला शब्द न् शब्द माझ्या मनातला होता, आणि ते दुसरं कुणी बोललं म्हणून मला आनंद झाला. तो आनंद आठवला की आजही अंगाला काटा येतो.

त्याच हिवाळ्यात, तुरी सोंगून झाल्यावर, एका संध्याकाळी मी आणि बाबा जळणासाठी तुराट्या आणायला रिकाम्या झालेल्या वावरात गेलो होतो. मी चालता चालता एक तुराटी हवेत फिरवत होते. ती सुंई करून वाजत होती. बाबांनी मोळीतून बाभळीचा एक जाड दांडा उपसला आणि सगळ्या जोरानं फिरवला. नुसता भप्प असा आवाज झाला. ते थांबले. पुन्हा फिरवला, पुन्हा भप्प. मग माझ्या हातातली तुराटी घेतली आणि मुठी आवळून फिरवली, तर तीही धड वाजेना. मला हसू आलं. मी म्हटलं, बाबा, हात सैल सोडा, मनगट ढिलं ठेवा. त्यांनी तसं केलं आणि तुराटी शिटीसारखी वाजली.  आमच्या दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आली होती, साहेबांची काठी. शास्त्राच्या तासाला मास्तर सांगत होते की वेग वाढला की मारा नुसता वाढत नाही, वेगाच्या पटीपेक्षाही जास्त वाढतो. मी ते पाठ केलं होतं, पण ते असं वावरात उभं राहून वाजेल असं कधी वाटलं नव्हतं. ताकद सगळी बाबांच्या खांद्यात अडकून पडत होती. काठीच्या टोकापर्यंत ती पोचतच नव्हती.

परवा नातवाच्या टीव्हीवर गोल्फचा सामना चालला होता. फटका मारला की पडद्यावर काठीच्या टोकाचा वेग आणि चेंडू किती लांब गेला त्याचा आकडा येतो. खेळणारा पोरगा सडपातळ, दंड माझ्या नातवासारखेच. नातू म्हणाला, आजी, तुला काय कळतं यातलं? मी म्हटलं, थोडं कळतं.

त्यानंतर बाबा मला घेऊन त्या वावरात जाऊ लागले. साहेबांनी फेकून दिलेली, दांडा मोडलेली एक काठी त्यांनी कुठून तरी आणली आणि तिला वेळूचा दांडा बसवला. चिरलेला एक चेंडूही होता, साहेबांनीच टाकून दिलेला. मी बाजूला उभी राहून आवाज ऐकायची. आवाज चेंडूच्या अलीकडे आला तर जोर आधीच सांडला असं मी म्हणायची. चेंडूपाशी आला, की बरोबर. बाबा सांगितलेलं ऐकायचे, शाळेतल्या पोरासारखे. घाई करायचे, चुकायचे, ढेकळं उडवायचे. खांदे आवळले की मी नुसतं बोट दाखवायची आणि ते सैल सोडायचे. एका संध्याकाळी काठी अगदी आरामात, जणू काही मनावर न घेता फिरली, सुंई झालं आणि टक् असा कोरडा आवाज आला. चेंडू गेला. बांधावरून गेला, पळसावरून गेला, आणि कुठे पडला ते आम्हाला दिसलंच नाही. बाबा काठी खांद्यावर तशीच धरून उभे राहिले. मग माझ्याकडे पाहून हसले, माळावरच्या ज्या हसण्याची लोक नक्कल करायचे तसं नाही. आम्ही अंधार पडेस्तोवर चेंडू शोधला आणि घरी येईपर्यंत मी एकटीच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी लारीत मी सगळ्यांना सांगितलं. या इतवारी माळावर या, म्हटलं, आणि पाहा माझे बाबा काय करतात ते. कुसुमनं विचारलं, खरंच? मी तिच्या गळ्याची शपथ घेतली. त्या इतवारी साहेबांकडे मोठे पाहुणे येणार होते, खाणीचे मालक कुणी. मला तर तेच हवं होतं. बाबांना मी काही सांगितलं नाही. सांगायची गरजच वाटली नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा मी माळावर गेले. मी, कुसुम आणि लारीतली बाकीची मुलं कुंपणाशी उभे राहिलो. खुर्च्या मांडल्या होत्या, बाया रंगीत छत्र्यांखाली बसल्या होत्या. बाबा आले. धुतलेला सदरा, केसांना तेल. साहेबांनी डब्याची गोष्ट पाहुण्यांना सांगितली आणि बाबांच्या हाती काठी दिली. बाबांनी चेंडूपासून दूर उभं राहून एकदा काठी नुसती फिरवली. ती वाजली. स्वच्छ, बरोबर जागी वाजली. तिथल्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही, माझ्या आलं. मी कुसुमचा हात घट्ट धरला. मग बाबांनी मान वर केली आणि त्यांना मी दिसले. थोडा वेळ ते माझ्याकडे पाहत राहिले. नंतर त्यांनी खांदे वर ओढले, मुठी आवळल्या, दात आवळले, काठी कुऱ्हाडीसारखी उगारली आणि हाणली, आणि ते स्वतःभोवती फिरून उताणे पडले. पाहुणे हसले. छत्र्यांखालच्या बाया हसल्या. माझ्या शेजारची मुलं हसली. कुसुम हसली नाही, तिनं माझा हात सोडवून घेतला, आणि ते मला जास्त लागलं.

 बाबा घरी आल्यावर मला राहवलं नाही. "तुमाले येते," मी म्हटलं. "येते तरी तुमी पडले. कायले?"

बाबा सदऱ्यावरची धूळ झटकत होते. म्हणाले, "साहेबाले हसाले पायजे असते, पोरी."

यापेक्षा जास्त त्यांना मला सांगायचं नव्हतं की सांगता येत नव्हतं, कोण जाणे. मला तेवढं पुरलं. सकाळी मी लारीकडे गेले नाही. दप्तर घेतलं आणि पायी निघाले. चुनाभट्ट्यांवरून रस्ता जायचा. पाय चुन्यानं पांढरे आणि चेहरा कोळशानं काळा, अशी मी शाळेत पोचले आणि उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर उभी राहिले. लारी वाटेत माझ्या शेजारून गेली तेव्हा ड्रायव्हरनं वेग कमी केला होता. मी वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. मायनं चपला घालून जा म्हणून हट्ट केला तर तिच्यावरही ओरडले. या लोकांच्या लारीत मी बसणार नाही, असं मी धौडा ऐकेल अशा आवाजात म्हटलं. बाबा आत होते.

पुढच्या इतवारी चपराशी आला. बाबा दारात बसून विडी ओढत होते. बरं वाटत नाही म्हणून सांगा, म्हणाले. चपराशानं त्यांच्याकडे नीट पाहिलं, बरं न वाटण्यासारखं काही दिसलं नाही, तरी तो गेला. माय शेगडीपाशी होती. तिनं तिथूनच विचारलं, की आज काहून गेले नाही? मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला झोप लागली असं त्यांना वाटलं असावं.

"आता कायले जाऊ," बाबा म्हणाले. "पोरगी त पायीच जाऊन राह्यली."

 विडी विझवून बाबाच पुढे हळूहळू बोलू लागले. पोरगी हायस्कुलात लागली तेव्हा ते साहेबांकडे गेलते. एकट्या पोरीला दोन कोस कसं पाठवू, लारीत जागा द्या म्हणाले. लारी बाबू लोकांच्या मुलांसाठी आहे, असं साहेब म्हणाले. मग हसून म्हणाले, तू इतवारी येत जा पहलवान, पोरगी लारीत जाईल. "मारला असता मी त्या दिवशी," बाबा म्हणाले. "लय दूर मारला असता. मंग हासू बंद, आन लारीबी बंद. तिची दोन सालं बाकी हाय न."

मी पडून राहिले.  पलीकडे तेलंग्यांच्या घरी मुलं भांडत होती, डबे खडखडत होते, माय भाकर उलटत होती. कोणापुढे वाकायचं नाही हे मला शिकवणारा माणूस माझ्यासाठी दर इतवारी सगळ्या खाणीपुढे उताणा पडत होता, आणि सगळी खाण हसत असताना मी त्याच्यामुळे खाली मान घालत होते.

लारीत मी पुन्हा बसले नाही, बसणार कशी? साहेबांनी बाबांवर राग धरला नाही. खरं तर त्यांच्या हे लक्षातही राहिलं नसावं. काही दिवसांनी दिवाबत्तीच्या खोलीतला एक तोतरा माणूस त्यांना सापडला आणि इतवार त्याच्यावर निभू लागले. साहेब पुढे बदलून गेले, माळावर मजुरांची नवी घरं उभी राहिली. बाबांनी ती वेळूची काठी जळणात घातली. 

मॅट्रिक होईपर्यंत मी पायीच गेले. रस्ता निर्मनुष्य होता म्हणून बाबांनी मुकादमाला सांगून रातपाळी मागून घेतली, म्हणजे सकाळी वर आल्यावर मला सोडायला येता येईल. रात्रभर खाली काम करून ते तसेच, कोळशानं माखलेले, माझ्या शेजारून चालायचे. आम्ही फार बोलायचो नाही. कधी ते मला पाढे म्हणायला लावायचे, कधी मी त्यांना शाळेतलं काही सांगायची. शाळेच्या अलीकडे रस्ता वळायचा, तिथून फाटक दिसायला लागायचं आणि फाटकाशी मुली उभ्या असायच्या. त्या वळणावर बाबा थांबायचे. मी त्यांना तिथे थांबा म्हणून कधी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी ते आपण होऊन थांबले. "जाय आता," म्हणायचे आणि माझं दप्तर आपल्या खांद्यावरून उतरवून माझ्या हाती द्यायचे.

चला ना फाटकापर्यंत, असं मी एकदाही म्हटलं नाही.